'आत्ता निघू नका' असं त्याने भर सभेत सांगितलं, आणि तरीही तो सगळ्यांबरोबर निघाला! मॉर्मन पायोनियर्सच्या हातगाडी प्रवासाची गोष्ट

गोष्ट १८५६ सालची. अमेरिकेत मिसूरी नदीच्या काठावर फ्लॉरेन्स नावाचं छोटं गाव होतं. आज ते नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहराचा भाग आहे. ऑगस्टच्या मध्यावर तिथे पाचशेच्या आसपास माणसांचा तळ पडला होता. बहुतेक सगळे इंग्लंड, स्कॉटलंड आणि डेन्मार्कमधून जहाजाने आलेले. गिरणी कामगार, विणकर, शेतमजूर, विधवा बायका, साठी उलटलेले म्हातारे आणि कडेवरची पोरं. बैलजोड्या घेण्याइतके पैसे यांच्यातल्या बहुतेकांकडे नव्हते. त्यांच्याकडे होत्या लाकडी हातगाड्या. त्या ओढत त्यांना अजून हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटरहून जास्त चालायचं होतं.

निघायला उशीर झाला होता. पुढे रॉकी पर्वत होता आणि हिवाळा तोंडावर आला होता. मग निघायचं की इथेच थांबून वसंत ऋतूत निघायचं? यासाठी सभा भरली.

तांड्याचा कप्तान जेम्स विली म्हणाला की जायचं, देव बघून घेईल. मग बोलायला उभा राहिला लीवाय सॅव्हेज. वय ३६. या रस्त्याची चांगली माहिती असलेल्या मोजक्या माणसांपैकी हा एक. त्याने आधीच विलीला विचारलं होतं, की मी बोललो तर मनातलं स्पष्ट बोलेन, चालेल का? विली हो म्हणाला. मग सॅव्हेजने जे सांगितलं ते त्याच्याच डायरीत आहे. गुडघाभर बर्फातून चालावं लागेल, पातळ पांघरुणात गोठलेल्या जमिनीवर झोपावं लागेल, असं त्याने लोकांना सांगितलं. तिथे हजर असलेल्या जॉन चिस्लेट नावाच्या तरुणाने नंतर लिहिलंय की सॅव्हेजच्या डोळ्यात पाणी होतं. म्हातारे, आजारी आणि लहान मुलं यातून वाचणार नाहीत, असंही तो म्हणाल्याचं चिस्लेट सांगतो.

बहुमत जायच्या बाजूने पडलं. काही जण मागे थांबले. आणि सॅव्हेज? चिस्लेटच्या आठवणीप्रमाणे तो म्हणाला, की मी बोललो ते खरं आहे हे मला माहीत आहे, पण तुम्ही जायचं ठरवलंय तर मीही येतो, जमेल तेवढी मदत करतो, गरज पडली तर तुमच्याबरोबर मरतो.

पुढच्या तीन महिन्यांत त्याचा शब्द न् शब्द खरा ठरला.

आधी हे मॉर्मन कोण, ते बघू

१८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने एक नवा ख्रिस्ती पंथ सुरू केला. त्याचं आजचं अधिकृत नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. त्यांचा 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ, म्हणून लोक त्यांना मॉर्मन म्हणू लागले. शेजाऱ्यांशी त्यांचं कुठेच पटलं नाही. कारणं धर्माची होती, तशी जमिनीची, मतांच्या राजकारणाची आणि बहुपत्नीत्वाचीही होती. मिसूरीतून त्यांना हाकललं गेलं. मग त्यांनी इलिनॉयमध्ये नॉव्हू नावाचं शहर वसवलं. तिथे १८४४ मध्ये जमावाने तुरुंगात घुसून जोसेफ स्मिथला गोळ्या घातल्या.

त्याच्यानंतर पुढारीपण आलं ब्रिगहॅम यंगकडे. त्याने ठरवलं की जिथे कुणी शेजारीच नसेल अशा ठिकाणी जायचं. १८४६ च्या फेब्रुवारीत नॉव्हू सोडायला सुरुवात झाली आणि २४ जुलै १८४७ ला यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. तो प्रदेश तेव्हा कागदोपत्री मेक्सिकोचा होता. 'कुणी शेजारी नसेल' हेही खरं नव्हतं, त्याबद्दल पुढे बोलूच. युटामध्ये २४ जुलैला आजही सरकारी सुट्टी असते, 'पायोनियर डे' म्हणून.

१८४७ पासून १८६९ मध्ये रेल्वे येईपर्यंत साठ-सत्तर हजार लोक या वाटेने गेले. बहुतेक जण बैल जोडलेल्या झाकलेल्या गाड्यांतून, ज्या आपण वेस्टर्न सिनेमात बघतो. आणि त्यातले बहुतेक सुखरूप पोचले. अलीकडच्या अभ्यासानुसार वाटेत मरण पावलेल्यांचं प्रमाण साधारण साडेतीन टक्के होतं. त्या काळात घरी बसूनही माणसं कॉलराने मरत होती, हे लक्षात घेतलं तर हा आकडा फार मोठा नाही. म्हणूनच १८५६ चे हे दोन तांडे वेगळे ठरतात.

बैल महाग, म्हणून माणसंच जुंपली

युरोपातल्या गरीब मॉर्मनांना युटात आणायला चर्चने १८४९ मध्ये एक फंड काढला होता. प्रवासाचा खर्च उसना द्यायचा आणि पोचल्यावर कामाने किंवा पैशाने फेडून घ्यायचा. पण १८५५ मध्ये युटात टोळधाड आणि दुष्काळाने पिकं गेली, फंड आटला. इंग्लंडमध्ये हजारो लोक वाट बघत बसलेले. तेव्हा यंगने ठरवलं की बैलगाड्या नकोत, हातगाड्या वापरा. चालत या, सामान ओढत आणा.

हातगाडी म्हणजे दोन मोठी चाकं, वर एक उथळ खोका, पुढे दोन दांडे आणि त्यांना जोडणारी आडवी काठी. आत शिरून ती आडवी काठी छातीने, पोटाने ढकलायची आणि मागून कुणीतरी रेटायचं. साधारण पाच माणसांमागे एक गाडी. माणशी सामान १७ पौंड, म्हणजे जेमतेम ८ किलो, आणि त्यात कपडे, पांघरूण, भांडी सगळं आलं. आज विमानात केबिन बॅगला जवळपास तेवढंच वजन चालतं. यांना तेवढ्यात आयुष्य बसवायचं होतं. तंबू आणि पीठ वाहायला शंभर माणसांमागे एखादी बैलगाडी.

ही कल्पना मूर्खपणाची होती का? तसं सरळ म्हणता येत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये आयोवा सिटीहून निघालेले पहिले तांडे सप्टेंबरअखेर नीट पोचले, आणि बैलगाड्यांपेक्षा वेगाने पोचले. १८५६ ते १८६० या काळात एकूण दहा हातगाडी तांडे गेले, जवळपास तीन हजार माणसं. त्यातल्या आठ तांड्यांची आज फारशी कुणाला आठवणही नाही, कारण ते पोचले.

गोंधळ झाला शेवटच्या दोन तांड्यांचा. विलीच्या तांड्यातले बहुतेक लोक 'थॉर्नटन' जहाजाने ४ मे रोजी लिव्हरपूलहून निघाले. एडवर्ड मार्टिनच्या तांड्यातले 'होरायझन' जहाजाने मे संपता संपता. तिथेच उशीर झाला होता. आयोवा सिटीला पोचले तर गाड्या तयार नाहीत. घाईघाईत ओल्या लाकडाच्या गाड्या बनवल्या. नेब्रास्काच्या कोरड्या हवेत ते लाकूड आकसलं, चाकं ढिली झाली, रेती जाऊन आस झिजले. लोकांनी जुन्या बुटांचं चामडं कापून आसाला गुंडाळलं आणि वंगण म्हणून खायची डुकराची चरबी लावली.

कलकत्त्याहून परत येणारा माणूस

या सॅव्हेजचा आपल्या देशाशी संबंध आहे. १८५२ मध्ये चर्चने त्याला धर्मप्रचारासाठी सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला पाठवलं. तो १८५३ मध्ये जहाजाने कलकत्त्यात उतरला, पुढे ब्रह्मदेशात गेला, सयामला मात्र कधीच पोचला नाही. दोनेक वर्षं हाती फारसं काही न लागता तो परत निघाला. युटात त्याचा लहान मुलगा नातेवाइकांकडे होता, आई आधीच वारलेली. १८५६ मध्ये तो घरी जायच्या वाटेवर होता आणि वाटेतच त्याला या तांड्यात जबाबदारी मिळाली.

त्याच सुमारास ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक मुंबई आणि पुण्यात काम करत होता. पुण्याच्या लष्करी छावणीत त्याने छोटी मंडळीही जमवली होती, बहुतेक युरोपीय. पण भारतात या पंथाचं बस्तान काही बसलं नाही आणि १८५० च्या दशकातच प्रचारक परत गेले. जाताना मोजकी कुटुंबं मात्र युटाला गेली. कलकत्त्यातला ब्रिटिश तोफखान्याचा मॅथ्यू मॅक्यून हा त्यातला एक. त्याचा १८४९ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये जन्मलेला मुलगा आल्फ्रेड पुढे रेल्वे आणि खाणींमध्ये गब्बर झाला. सॉल्ट लेक सिटीतला त्याचा 'मॅक्यून मॅन्शन' आजही प्रेक्षणीय स्थळ आहे.

तर सॅव्हेजकडे परत येऊ. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रात्री विलीच्या तांड्याचे तीसेक बैल आणि गायी उधळून गेल्या, त्या परत सापडल्याच नाहीत. बैलगाड्यांतलं पीठ हातगाड्यांवर चढवावं लागलं, गाडीमागे आणखी जवळपास शंभर पौंड. १२ सप्टेंबरला मागून घोडागाड्यांतून चर्चचे बडे लोक आले, त्यांचा प्रमुख फ्रँकलिन रिचर्ड्स. युरोपातल्या कामाचा हाच मुख्य होता. चिस्लेट सांगतो की रिचर्ड्सने सॅव्हेजला सगळ्यांदेखत सुनावलं, श्रद्धा कमी पडते म्हणून. त्यांना ताजं मांस हवं होतं, तेव्हा कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट वासरू कापून देण्यात आलं. मग ते पुढे निघून गेले. चिस्लेटला हे वासरू सतरा वर्षांनी लिहितानाही आठवत होतं.

दोन दिवस आधी पांघरुणं टाकून दिली

मार्टिनचा तांडा आणखी मागे होता, ५७६ माणसांचा. १७ ऑक्टोबरला डीअर क्रीकपाशी माणसं आणि जनावरं इतकी थकली की ओझं कमी करायचा हुकूम निघाला. मोठ्या माणसाला दहा पौंड, लहान मुलाला पाच. लोकांनी पांघरुणं आणि जाड कपडे टाकून दिले.

१९ ऑक्टोबरला त्यांनी आजच्या कॅस्पर शहराजवळ नॉर्थ प्लॅट नदी शेवटची ओलांडली, कमरेएवढ्या थंड पाण्यातून. त्याच दिवशी बर्फ पडायला लागला.

इथून पुढचं आपल्याला कळतं ते या माणसांच्या स्वतःच्या लिखाणातून आणि सांगण्यातून. कुणी रोज डायरी लिहिली, कुणी पन्नास वर्षांनी नातवंडांसाठी लिहिलं. मोठ्या इतिहासात एरवी ज्यांचं नावही आलं नसतं अशी ही माणसं.

पेशन्स लोडर २९ वर्षांची होती. तिचे वडील जेम्स लोडर इंग्लंडमध्ये एका बड्या घराण्याकडे माळी होते. हातगाडी ओढायची कल्पना त्यांना आधी पटली नव्हती, आणि ही गोष्ट समाजात पसरली. माणूस मानी. मेलो तरी बेहत्तर, पण गाडी ओढेन, असं त्यांनी ठरवलं. सप्टेंबरात नेब्रास्कातच ते गेले. मागे राहिली आई एमी आणि मुली. पुढे बर्फात एका सकाळी मुली उठायलाच तयार नव्हत्या. गोठून पडून राहिल्या तर मरणार, हे आईला कळत होतं. ती म्हणाली, थांबा, मी तुम्हाला नाच करून दाखवते. फाटका घागरा सावरत ती नाचायला लागली आणि नाचता नाचता पडली. मुली घाबरून धावत आल्या. आई हसत म्हणाली, मला वाटलंच होतं तुम्ही उठाल म्हणून! नवरा पुरून महिना झालेली ही बाई. या सगळ्या आठवणींमध्ये मला हीच सगळ्यात जास्त लक्षात राहिली.

एलिझाबेथ जॅक्सनचा नवरा ॲरन आजारी होता. नदी ओलांडताना तो मध्येच कोसळला, एकाने घोड्यावर टाकून त्याला पलीकडे नेलं. थोड्याच दिवसांत एका रात्री ती त्याच्या शेजारी झोपली. मध्यरात्रीच्या सुमारास श्वासाचा आवाज येईना म्हणून हात लावून पाहिला, तर अंग गार. तिने हाक मारून माणसं जमवायचा प्रयत्न केला, पण अंधारात कुणी काही करू शकत नव्हतं. उजाडेपर्यंत ती तिथेच पडून राहिली, शेजारी नवऱ्याचं प्रेत आणि तीन मुलं. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणता येत नव्हता. तिने ही हकीकत १९०८ मध्ये एका छोट्या पुस्तकात छापली.

विलीच्या तांड्यातला डॅनिश शेतकरी येन्स नीलसन खरं तर पैसेवाला होता. बैलगाडी सहज घेऊ शकला असता, पण त्याने पैसा इतरांच्या प्रवासाला दिला आणि स्वतः हातगाडी घेतली. त्याच्याबरोबर बायको एल्सी, छोटा मुलगा नील्स आणि दुसऱ्या कुटुंबातली बोडिल मॉर्टेन्सन ही साधारण दहा वर्षांची मुलगी. बोडिलच्या आईवडिलांना स्वतःला येणं जमलं नव्हतं. रॉकी रिजच्या चढावर नील्स आणि बोडिल दोघं गेले. बोडिल शेकोटीसाठी काटक्या गोळा करायला गेली होती. ती गाडीच्या चाकाला टेकलेली सापडली, असं सांगतात, हातात काटक्या तशाच. येन्सचे पाय गोठले, चालता येईना. तो म्हणाला, मला इथेच सोड. अंगाने छोटीशी असलेल्या एल्सीने त्याला हातगाडीत बसवलं आणि ओढत नेलं. तो पुढे बरीच वर्षं जगला, युटाच्या आग्नेय कोपऱ्यात ब्लफ गाव वसवणाऱ्यांत होता. पायांनी मात्र तो कायमचा अधू झाला.

नेली पर्सेल मार्टिनच्या तांड्यात होती. तिचे आईवडील पाच दिवसांच्या अंतराने गेले. तिचे पाय इतके गोठले होते की सॉल्ट लेकला पोचल्यावर गुडघ्याखाली कापावे लागले, भूल न देता. ती दहा वर्षांची होती. जखमा नीट भरल्याच नाहीत, आयुष्यभर ती गुडघ्यांवर चालली. सीडर सिटीत तिने लग्न केलं, सहा मुलं वाढवली. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात आज तिचा पुतळा आहे.

मदत आली, पण रॉकी रिज बाकी होता

सॉल्ट लेकमध्ये कुणाला कल्पनाच नव्हती की एवढी माणसं अजून वाटेत आहेत. रिचर्ड्स ४ ऑक्टोबरला पोचला तेव्हा यंगला कळलं. दुसऱ्याच दिवशी चर्चची मोठी सभा होती. तिथे यंगने बाकी सगळे विषय बाजूला ठेवले आणि आज प्रवचन नको, गाड्या, खेचरं आणि पीठ हवंय, असं सांगितलं. ७ तारखेला पहिल्या गाड्या निघाल्या. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

विलीच्या तांड्यातलं पीठ १९ तारखेला, म्हणजे बर्फ सुरू झालं त्याच दिवशी संपलं. मदत २१ तारखेला पोचली, पण थोडीच, कारण अर्ध्या गाड्यांना मार्टिनच्या शोधात पुढे जायचं होतं. आणि २३ ला विलीच्या लोकांना रॉकी रिज चढायचा होता, वादळात, साधारण २४ किलोमीटर. सॅव्हेज सगळ्यात मागे होता, चालू न शकणाऱ्यांना घेऊन येणाऱ्या गाड्यांबरोबर. रात्री बर्फाने भरलेल्या एका ओढ्यापाशी गाड्या अडल्या. तो मदत आणायला एकटा पुढे चालत गेला. तळावर पोचला तर तंबू फारसे उभेच नव्हते, माणसं छोट्या शेकोट्यांभोवती कुडकुडत बसलेली. मागे पाठवलेल्या गाड्या पहाट व्हायच्या जरा आधी परत आल्या. त्यांत काही जण गोठलेले होते, काही मरणाच्या दारात, काही मेलेले. मुलं आयांना आणि आया मुलांना हाका मारत होत्या, असं त्याने लिहिलंय. मी सांगितलं होतं ना, असा सूर त्या नोंदीत नाही. रॉक क्रीकपाशी तेरा जणांना एकाच खड्ड्यात पुरलं. त्यानंतर आणखी दोघं गेले, त्यांना शेजारी.

विलीचा तांडा ९ नोव्हेंबरला पोचला, मार्टिनचा ३० नोव्हेंबरला. दोन्ही मिळून २०० हून जास्त माणसं गेली. बैलगाडीवाले तर त्यांच्याही मागे होते. तेरा वर्षांची मेरी गोबल ११ डिसेंबरला सॉल्ट लेकमध्ये शिरली, तेव्हा तिची आई गाडीतच होती. ती त्याच दिवशी मरण पावली होती.

चूक कुणाची? यंगने नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच जाहीर भाषणात योजनेची बाजू घेतली आणि उशिरा निघू दिल्याबद्दल रिचर्ड्स आणि इतरांवर ठपका ठेवला. टीकाकार म्हणतात की योजना आखणाऱ्याचीही जबाबदारी होतीच. हातगाड्या १८६० मध्ये बंद झाल्या. मग युटाहूनच बैलगाड्या पूर्वेला पाठवून लोकांना आणायची पद्धत सुरू झाली.

तीन तरुणांची कथा, आणि ती कशी वाढली

या प्रसंगाची सगळ्यात प्रसिद्ध कथा अशी. ४ नोव्हेंबरला मार्टिनच्या लोकांना बर्फाळ स्वीटवॉटर नदी ओलांडायची होती. तेव्हा मदतीला आलेल्या अठरा वर्षांच्या तीन तरुणांनी जवळपास सगळ्यांना खांद्यावर उचलून पलीकडे नेलं आणि त्याच थंडीने पुढे तिघेही मेले.

यातला गाभा खरा आहे. जॉर्ज ग्रँट, ॲलन हंटिंग्टन आणि डेव्हिड किंबॉल यांनी खरोखरच बऱ्याच जणांना उचलून नेलं. पण चर्चच्याच इतिहासकारांनी जुने कागद तपासले, तेव्हा दिसलं की उचलणारे आणखीही होते, सगळे काही अठरा वर्षांचे नव्हते, बरेच प्रवासी दुसऱ्या मार्गाने पलीकडे गेले. आणि ते तिघं? ग्रँट १८७२ मध्ये वारला, किंबॉल १८८३ मध्ये आणि हंटिंग्टन १८९६ मध्ये. ही कथा आज माहीत असलेल्या रूपात आली ती पन्नासेक वर्षांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला.

'या तांड्यातल्या एकानेही चर्च सोडलं नाही' हे वाक्यही असंच फिरत असतं. त्याला उत्तर एकच नाव आहे, जॉन चिस्लेट. त्याने चर्च सोडलं. त्याची हकीकत छापली गेली ती १८७३ मध्ये, चर्च सोडलेल्याच एका लेखकाच्या पुस्तकात. गंमत म्हणजे सॅव्हेजचे ते प्रसिद्ध शब्द, जे आज श्रद्धाळू लोक मोठ्या आदराने सांगतात, ते आपल्याला चिस्लेटमुळेच माहीत आहेत. सॅव्हेजची स्वतःची नोंद त्यामानाने रोखठोक आणि कोरडी आहे.

ज्यांची डायरी नव्हती

पायोनियर म्हटलं की गोरं कुटुंब डोळ्यासमोर येतं. पण १८४७ च्या पहिल्या तुकडीत ग्रीन फ्लेक, हार्क ले आणि ऑस्कर क्रॉस्बी हे तीन गुलाम काळे पुरुष होते. फ्लेक तर यंगच्या दोन दिवस आधी खोऱ्यात पोचला होता. १८५२ मध्ये युटाच्या कायद्याने गुलामगिरीला मान्यता दिली.

जेन मॅनिंग जेम्स ही स्वतंत्र काळी स्त्री. १८४३ मध्ये बोटीत घेतलं नाही म्हणून ती आणि तिच्या घरचे नॉव्हूपर्यंत शेकडो मैल चालत गेले, पायांतून रक्त येईपर्यंत. १८४७ मध्ये ती सॉल्ट लेकला पोचली. १८४९ च्या टंचाईत शेजारच्या एका बाईच्या घरी पीठ नव्हतं, तेव्हा जेनने स्वतःकडचं अर्धं पीठ तिला दिलं. हे कळतं त्या शेजारणीच्या डायरीतून. म्हातारपणी जेनने आपली हकीकत दुसऱ्या एका बाईला सांगून लिहून घेतली. मंदिरातल्या विधींचा हक्क मिळावा म्हणून तिने पुन्हा पुन्हा अर्ज केले, तो मिळाला नाही. ती १९०८ मध्ये वारली. काळ्या सभासदांवरची ती बंदी उठली १९७८ मध्ये.

आणि आता ते 'नसलेले' शेजारी. खोऱ्यात आणि आसपास यूट आणि शोशोनी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. वस्त्या वाढल्या तशी त्यांची कुरणं, मासे, गवताचं बी सगळं गेलं. उपासमार झाली, चोऱ्या आणि मारामाऱ्या झाल्या. २९ जानेवारी १८६३ ला अमेरिकन सैन्याने बेअर नदीकाठी शोशोनींच्या हिवाळी तळावर हल्ला केला. मृतांचे अंदाज अडीचशेपासून चारशेपर्यंत जातात, त्यात बायका आणि मुलंही होती. येगर टिंबिंबू हा मुलगा प्रेतांमध्ये मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिला आणि वाचला. त्याने ती गोष्ट घरात सांगितली, वर्षानुवर्षं. त्याची नात मे टिंबिंबू पॅरी हिने अशा आठवणी कागदावर उतरवल्या. तोवर तिथल्या स्मारकावर या घटनेला 'लढाई' म्हटलं होतं. २०१८ मध्ये शोशोनींच्या वायव्य शाखेने ती जमीन विकत घेतली.

एवढं सगळं जपलं कुणी?

मॉर्मन लोकांमध्ये डायरी लिहिणं आणि वंशावळ ठेवणं हे धार्मिक काम मानलं जातं. पूर्वजांसाठीही विधी करता येतात अशी त्यांची श्रद्धा आहे, पण त्यासाठी पूर्वज कोण ते माहीत हवं! म्हणून १८९४ मध्येच त्यांनी वंशावळ संस्था काढली. १९०१ मध्ये पायोनियरांच्या लेकी-नातींनी वेगळी संघटना काढली, ती घरोघरच्या आठवणी, गोधड्या, बूट, भांडी जमवत आली. त्या वंशावळ संस्थेने पुढे जगभरच्या नोंदी मायक्रोफिल्मवर घेतल्या, अगदी आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा.

आता राहिला लीवाय सॅव्हेज. तो घरी पोचला. विलीच्या तांड्यात ॲन कूपर नावाची एक बाई दोन लहान मुलींना घेऊन चालत होती. १८५८ मध्ये त्याने तिच्याशी लग्न केलं. पुढे ते दक्षिण युटातल्या टोकरव्हिल गावी राहायला गेले. तिथे त्याने शेती केली आणि १९१० मध्ये तो वारला.